बेशुद्ध माणसानं कंबर उचलायची नसते

खदानीत मी दर हिवाळ्यात नेमानं मोडायचो. कधी डावी मांडी, कधी मनगट, कधी बरगड्या. एका वर्षी तर जबडा मोडला, डोक्याला खोक पडली आणि वरून विजेचा झटका बसला, हे सगळं एकाच सकाळी. दुपारी मी पंगतीत बसून मसालेभात खाल्ला, दोनदा मागून घेतला. आमच्या खदानीच्या प्रथमोपचार टीमचा मी पेशंट होतो.

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीच्या दशकातली, चंद्रपूरकडच्या एका कोळसा खदानीतली. नाव सांगत नाही, तिथले काही लोक अजून जिवंत आहेत आणि भांडायला मोकळे आहेत. वर्षातून एकदा सेफ्टी वीक यायचा. सेफ्टी वीक म्हणजे अपघात टाळायचा आठवडा. बाकीच्या आठवड्यांत काय करायचं हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसायचं. खर्रा खाऊन थुंकलेल्या भिंतींना चुना लागायचा, दगडांनासुद्धा चुना लागायचा, मोठे साहेब कोरं पांढरं हेल्मेट घालून भाषण द्यायचे, आणि शेवटच्या दिवशी मैदानात आसपासच्या सगळ्या खदानींच्या टीमांची स्पर्धा व्हायची. पेशंटनं जमिनीवर पडायचं. त्याच्या छातीवर चिठ्ठी टाचायची, काय मोडलं ते लिहिलेली. शिट्टी वाजली की टीमनं धावत यायचं, पट्ट्या बांधायच्या, स्ट्रेचरवर घालून न्यायचं. बाजूला डॉक्टर आणि साहेब घड्याळ घेऊन उभे.

टीममध्ये पाच गडी आणि एक कॅप्टन. कॅप्टन म्हणजे आमचे भाऊजी, माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा. खदानीत ते सरदार होते. सरदार म्हटल्यावर घोडा-तलवार डोळ्यासमोर आणू नका. जमिनीखालच्या एका भागाची जबाबदारी त्याच्यावर असते. कोळसा फोडायचा स्फोट झाला की आधी आत जाऊन छत ठोकून पाहायचं, गॅस पाहायचा, टेकू कुठं लागेल ते दाखवायचं, आणि जेवढी माणसं खाली आली तेवढी वर पाठवायची. मी त्यांच्याच हाताखाली टिंबरवर, म्हणजे लाकडी टेकू ठोकणारा. जंगलातलं सरळ सागवान साहेबांच्या बंगल्यात पलंग व्हायला जायचं आणि वाकडंतिकडं लाकूड आमच्या डोक्यावरचं छत धरायला यायचं. ही नोकरी भाऊजींच्या ओळखीनं लागली होती, आणि हे ते मला दर रविवारी मटणाचा पहिला घास घ्यायच्या आधी ऐकवत. मटण कडू व्हायचं बाप्पा!

अंगानं मी तेव्हा काडी. टीम निवडायच्या दिवशी भाऊजींनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "उचलाले हलका हाये. याले पेशंट करा." बाकीच्यांना एक ते पाच नंबर मिळाले. मला नंबर नाही, पेशंटला नंबर नसतो. दोन नंबर होता सिरोंच्याकडचा, तेलगू घरचा, पंजे फावड्याएवढे. चार नंबर आलापल्लीच्याही पुढच्या जंगलातल्या गावचा गोंड. बोलायला कंजूष, पण हसायला लागला की कोणाच्या बापाला आवरायचा नाही. हे दोघं कामावरही आमच्याच भागात होते, म्हणून त्यांना लक्षात ठेवा. बाकीचे तीन नंबर विसरले तरी चालतील, मीही विसरत चाललो आहे.

आता खरी गंमत. बेशुद्ध माणसाच्या कमरेखालून पट्टी काढायची म्हणजे वेळ खाणारं काम. पहिल्याच तालमीत पट्टी अडकली, तेव्हा भाऊजी माझ्या कानाशी वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "कंबर उचल ना बे."

मी म्हटलं, "भाऊजी, मी बेशुद्ध हाय ना."

"बेशुद्ध हायेस, मेला नाईस. उचल!"

तेव्हापासून मी ती कला शिकलो. टाचा जमिनीत रुतवायच्या, श्वास सोडायचा आणि कंबर बोटभर वर घ्यायची. पट्टी सुळकन पार. भाऊजी नेमके जज आणि माझ्या मधात पाय फाकवून उभे राहायचे आणि मोठमोठ्यानं हुकूम सोडायचे, म्हणजे जजचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे. पाठीचा कणा मोडल्याचा खेळ असला की मी फळीसारखा ताठ व्हायचो. "उचला!" म्हटलं की चौघं मला उचलायचे आणि निम्मा मी स्वतःच वर जायचो. डोळे मिटलेले, जीभ जरा बाहेर. एकदा एक डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाला, "पेशंट फार चांगला आहे." माझं असं कौतुक माझ्या बापानंही केलं नव्हतं.

कप दर वर्षी आमचा. कप ऑफिसच्या कपाटात जायचा आणि आम्हाला स्टीलचे डबे मिळायचे. स्पर्धेच्या पट्ट्या माझी बहीण धुवायची. मी तिला बाईच म्हणतो, आमच्या गोंडपिपरीकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. ती पट्ट्यांना नीळ द्यायची, खळ द्यायची, कोळशाच्या इस्त्रीनं कडक करायची. कोळशाला तर आमच्याकडे तोटा नव्हता. मग त्या तिच्या लग्नातल्या लोखंडी पेटीत जायच्या, तिच्या चांगल्या लुगड्यांवर. नाहीतर एरवी खदानीत खाली ज्या पट्ट्या असायच्या, त्यांनी लोक खुशाल सायकल पुसायचे.

एक मात्र खरं सांगतो. स्पर्धेत माणूस लबाड, पण खदानीत नाही. खाली गेल्यावर भाऊजी दुसरेच व्हायचे. हातातल्या काठीनं छत ठोकत चालायचे. ठण्ण वाजलं तर पुढं, ढब वाजलं तर सगळे मागं, मग वरून साहेब येऊ दे नाहीतर त्याचा बाप. वर आमचा चंद्रपूर जिल्हा तुटून गडचिरोलीचा निराळा जिल्हा झाला, त्यावर लोकांनी महिनोन् महिने चहाच्या टपरीवर वाद घातले. भाऊजींना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. खदानीतल्या आमच्या भागालाही डिस्ट्रिक्टच म्हणत, आणि ते म्हणायचे, "माह्या डिस्ट्रिक्टात माह्याच कायदा."

त्यांचं रोजचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, जेवणावरून. आपल्या लोकांना जेवायला बसताना पाठीला काहीतरी लागतं. घरी भिंत लागते, शेतात झाड लागतं. खदानीत दोन्ही बाजूंना कोळशाच्या भिंती, मग माणूस डबा घेऊन सरळ तिला टेकतो. आता ही भिंत म्हणजे काही घरची भिंत नाही. वरचा सगळा भार तिच्यावर, ती आतून फुटत असते आणि तिच्या लाद्या सुटतात. छताला सगळे भितात, या बाजूच्या भिंतीला कोणी भीत नाही. भाऊजींनी मधल्या मोकळ्या जागेत, चांगल्या टेकूंखाली, ओंडक्यांची रांग घालून दिली होती. तिथं कोणी बसेल तर शपथ. कोळसा भरणारा एक लोडर त्यांच्या तोंडावर म्हणाला होता, "मधात बसून जेवाले काय बारशाले आलो का आमी?"

त्या दिवशी पहिली पाळी होती, जेवणाची वेळ. मी, दोन नंबर आणि चार नंबर थोड्या अंतरावर एक टेकू बसवत होतो. पलीकडे दोन लोडर डबे उघडून बाजूच्या भिंतीला टेकलेले, त्यातला एक तो बारशावालाच. भाऊजी काठी ठोकत आले. त्यांच्या डोक्यामागं ठोकलं, ढब वाजलं. परत ठोकलं, परत ढब.

"उठा बे! उठा तिथून!"

"भाऊ, दोन घास राह्यले."

"उठतोस का नाई?"

"चटणी सांडन ना भाऊ, थांबा जरासे."

भाऊजींनी काय करावं? वाकून त्याचा डबा उचलला आणि दिला भिरकावून लांब. भाकर एकीकडे, चटणी एकीकडे. लोडर आईबहिणीवरून शिव्या देत डब्यामागं धावला, आणि दुसरा त्याचं भांडण पाहायला म्हणून उठला. ते दोघं पाच-सहा पावलं गेले असतील. भाऊजी वळले, आणि बाजूची लादी सुटली.

आवाज मोठा नव्हता. धूळ उठली, दिव्यांचा उजेड त्या धुळीतच अडकला. मग कोळसा बारीक-बारीक गळायचा आवाज येत राहिला. मी हातातला टेकू टाकला आणि धावत सुटलो. तेवढ्यात धुळीतून ओरडणं आलं, "धावून येऊ नका बे भैताडांनो! आधी वरचं पाहा! बाजू पाहा!"

मी त्या आवाजावर आयुष्यभर चिडत आलो होतो. त्या वेळी तो ऐकून मला रडू आलं.

धूळ बसली तेव्हा दिसलं. भाऊजी उताणे पडले होते. लादी त्यांच्या कमरेला धडक देऊन मांड्यांवर येऊन बसली होती. टोपीवरचा दिवा वाकडा होऊन छताकडे उजेड फेकत होता, आणि त्या उजेडात ते पडल्या-पडल्या छत तपासत होते. "दोन नंबर, इथी टेकू लाव. चार नंबर, बाजूले आडवं लाकूड दे. तू काय पाहून राह्यला? पाचर आन!" हे मला.

सांगतो, त्या टेकूसारखं जड काम मी जन्मात केलं नाही. भाऊजी हातभर अंतरावर पडलेले, आणि मी लाकूड ठोकत बसलो. लादी ओढून काढावी, त्यांना खांद्यावर टाकावं आणि पळत सुटावं असं वाटत होतं. पण बाजू अजून गळत होती. दुसरी लादी सुटली असती तर आम्ही तिघंही त्यांच्या शेजारी झोपलो असतो. दुसऱ्या लोडरला वर कळवायला खदानीतल्या फोनकडे पिटाळलं. बारशावाला तिथंच उभा होता, हातात रिकामा डबा घेऊन. त्याला म्हटलं, जा, औषधाची पेटी घेऊन ये.

तो पेटी घेऊन आला, दुसऱ्या हातात डबा तसाच. उघडली. आत आयोडीनची कोरडी बाटली आणि कोणीतरी लपवलेल्या खर्ऱ्याच्या तीन पुड्या. पट्टी एकही नाही. चांगल्या पट्ट्या बाईच्या लोखंडी पेटीत, खळ देऊन, इस्त्री करून. मला असा संताप आला की त्या पुड्या मी भिंतीवर आपटल्या. नंतर चार नंबरनं त्या हळूच उचलून खिशात घातल्या, ते मी पाहिलं.

दोन नंबरनं सब्बल, म्हणजे पहार, घातली आणि लादी इंचभर वर घेतली. चार नंबरनं खाली लाकडाचा तुकडा सरकवला. परत इंचभर, परत तुकडा. असं करत करत लादी वर आली आणि आम्ही ती बाजूला लोटली. पाय जागेवर होते. रक्त थोडंच.

भाऊजी छताकडे पाहत म्हणाले, "पाय काढले का बे?"

"काढले ना भाऊजी."

"कोनाचे?"

"कोनाचे म्हंजे? तुमचेच!"

"मले समजून नाई राह्यलं," ते म्हणाले.

आम्हा तिघांनाही त्याचा अर्थ समजला. दर वर्षी त्याच खेळात तर आम्ही कप मारायचो. कण्याला मार आहे, माणूस हलवायचा नाही, वाकवायचा नाही, सपाट फळीवर सरळ घ्यायचा. जरा चुकलं की पाय जन्माचे गेले. फळी होती, छताला लावायच्या फळ्या तिथं पडल्याच होत्या. आता फळी त्यांच्याखाली घालायची. दोन नंबरनं त्यांच्या कमरेखाली हात घालून पाहिला. बोटं आत गेली, पंजा जाईना. भाऊजी काही माझ्यासारखे काडी नव्हते, रविवारचं मटण अंगाला लागलेलं. आणि ते ढिले पडले होते, सगळं अंग कोळशात रुतलेलं. असा माणूस आम्ही कधी उचललाच नव्हता. आम्ही फक्त मला उचललं होतं, आणि मी तर स्वतःच उठायचो.

दोन नंबरनं आणि चार नंबरनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी काय करणार होतो, त्यांच्या जागी जाऊन झोपणार होतो?

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "अबे थांबा, असं नाई होत. मी कंबर उचलतो."

आणि त्यांनी खरोखर कोपरं कोळशात रुतवली. त्यांचे खांदे वर आलेले मला दिसले. इतक्या वर्षांची तालीम, दुसरं काही त्यांच्या डोक्यात येणार कसं! पट्टी अडकली की पेशंटनं कंबर उचलायची. मी दोन्ही हातांनी त्यांचे खांदे खाली दाबले आणि ओरडलो, "हालला त कानाखाली जाळ काढीन! भैताडा, मोडलेल्या माणसानं कंबर उचलाची असते का? पड तसाच!"

माझ्या घराण्यात भाऊजीला कोणी असं बोललं नव्हतं. बारशावाल्याच्या हातातून डबा पडला. भाऊजी मात्र जागच्या जागी गोठले. त्यांनी डोळे वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मले बोलला तू?"

"हाव, तुमालेच! हालून त दाखवा, खरंच मारतो."

ते हलले नाहीत. मग म्हणाले, "तुह्या बाईले काय सांगू रे मी?" आणि डोळ्यांतून पाणी गालावरच्या कोळशातून कानाकडे गेलं. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसलो. मीही रडत होतो, लपवत नाही.

पुढची अक्कल माझी. दोन नंबर म्हणतो त्याची, पण तो खोटं बोलतो. मी म्हटलं, भाऊजीले वर कशाले उचलता, खालचा कोळसा काढा ना. ते भुग्यावरच तर पडले होते. मग दोघं दोन्ही बाजूंनी बसले आणि हातांनी कमरेखालचा भुगा उकरायला लागले, रताळी काढावी तसे. मूठभर काढायचा, थांबायचं, परत मूठभर. जागा झाली की फळी बोटभर आत सरकवायची. मी डोकं धरून होतो, मानेपासून टाचेपर्यंत रेघ सरळ आहे का ते पाहत होतो. दोन नंबर सारखा "मेल्लगा, मेल्लगा" म्हणत होता, म्हणजे त्यांच्या भाषेत हळूहळू. वरून छोटे साहेब स्ट्रेचर आणि चार माणसं घेऊन धावत आले, "जल्दी करो, जल्दी करो" म्हणत. दोन नंबरनं मान वर न करता त्यांनाही सांगितलं, "मेल्लगा." साहेबांनी एकदा पाहिलं, गुडघ्यावर बसले आणि तेही उकरायला लागले.

फळी पार गेली. आमच्या गळ्यातल्या दुपट्ट्यांनी त्यांना फळीला बांधलं, आणि फळी स्ट्रेचरवर घेतली. भाऊजी एवढा वेळ नुसते माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते.

खाली यायची वाट उताराची, म्हणून वर जाताना आम्हाला चढाची. माणसं बदलत, पावलं टाकत आम्ही निघालो. वाटेत भाऊजी छताकडेच पाहत होते, दुसरं काय दिसणार? एका जागी एकदम म्हणाले, "इथी फट हाये. उद्या टेकू लावा." मी हो म्हटलं. त्या फटीला दुसऱ्या दिवशी टेकू लागला, मीच लावला.

अवेळी भोंगा वाजला की कॉलनीतल्या बाया हातातलं टाकून खदानीच्या तोंडाशी येतात. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या अंगाला साबण. बाई सगळ्यांच्या पुढं होती. कोणीतरी फोनवर ओरडलं होतं की खाली पट्टी नाही, ते तिच्या कानावर आलं होतं. तिनं लोखंडी पेटीतला सगळा गठ्ठा पदरात घालून आणला होता, पांढराशुभ्र, घडी न मोडलेला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आमच्या काळ्या दुपट्ट्यांकडे पाहिलं. रडली नाही. मला विचारलं, "पाय हालते का?"

"मालूम नाई बाई."

"तुले मालूम नाई त कोनाले मालूम हाये?" असं म्हणून ती तो गठ्ठा घेऊनच ॲम्ब्युलन्समध्ये चढली.

चंद्रपूरच्या दवाखान्यानं नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, हाड तडकलं आहे, पण सरकलेलं नाही. आतल्या शिरांना मार बसला आहे, त्या तुटल्या का नुसत्या सुजल्या, ते आत्ता सांगता येत नाही. कोणी उचललं यांना, असंही विचारलं. मी म्हटलं, आम्ही. ते म्हणाले, बरं उचललं, जरा वाकवलं असतं तर इथं आणायची गरज नव्हती. मला वाटलं होतं हे ऐकून छाती फुगेल, पण नाही फुगली. पाय तर तसेच पडले होते, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.

मग वाट पाहायचे दिवस आले. डॉक्टरांनी बाईला शिकवलं होतं, रोज सकाळी पायाच्या बोटाला टाचणी टोचून पाहायची. बाई रोज टोचायची आणि विचारायची, समजलं का? भाऊजी छताकडे पाहत म्हणायचे, नाई. मी सुट्टीच्या दिवशी रेल्वेनं जायचो. ते मला पाहिलं की तोंड भिंतीकडे करायचे. शेजारच्या खाटेवरच्यांना मात्र सगळं सांगून ठेवलं होतं, की हा पाहा आमचा साळा, मोडून पडलेल्या माणसाला कानाखाली मारतो म्हणाला. सगळा वॉर्ड माझ्याकडे खुनशी नजरेनं पाहायचा. एक म्हातारी तर म्हणाली, "शरम नाई वाटत का रे?"

अशाच एका सकाळी मी व्हरांड्यात चहा पीत होतो. आतून शिवी ऐकू आली, अशी कडक की नर्सच्या हातातलं ताट वाजलं. बाई धावत बाहेर आली. हातात टाचणी, हसत होती का रडत होती कळेना. "शिवी देल्ली रे! मले शिवी देल्ली! लागलं त्याहिले!" आयुष्यात नवऱ्याच्या शिवीनं एवढी खूश झालेली बाई मी पाहिली नाही. मी चहा तसाच ठेवला आणि तिथंच जमिनीवर बसलो.

पण समजणं वेगळं आणि चालणं वेगळं. भाऊजी उन्हाळ्यात घरी आले. काठी धरून, दुसऱ्या हातानं बाईचा खांदा धरून, खाटेपासून दारापर्यंत. दाराच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाव नाही. त्यांना भीती बसली होती. डॉक्टर म्हणत होते चाला, बाई म्हणत होती चाला, ते म्हणायचे उद्या. आमच्या कॉलनीत दर रविवारी विहारात वंदनेला सगळे जमत, तिथं ते कधी चुकले नव्हते. आता लोक घरी येऊन त्यांना जयभीम करून जायचे आणि ते खाटेवर बसूनच हात जोडायचे. छत ठोकत मैलभर फिरणारा माणूस, दाराच्या चौकटीशी थांबलेला. माझ्याशी अबोला चालूच होता. बाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणायची, "हे असेच बसून राह्यले त बसूनच जातीन रे." तिला रात्री झोप नव्हती.

हिवाळा आला, सेफ्टी वीक आला. कॅप्टन आता दोन नंबर. मला सांगितलं, झोप. मी झोपलो, पण आधीच सांगितलं, यावर्षी मी मुडदा. कंबर उचलणार नाही, ताठ होणार नाही, तुम्हाला येत असेल तर उचला. टीमनं मला शिव्या दिल्या. तालमीत मला दोनदा खाली पाडलं, माझं खरंच कोपर सुजलं. स्पर्धेच्या दिवशी माझ्या कमरेखालून पट्टी निघेपर्यंत बाकीच्या टीमा चहा पिऊन आल्या. आमचा नंबर शेवटचा. शेवटून पहिला. चार नंबर इतका हसला की जजनं त्याला समज दिली. डबे मिळाले नाहीत, मसालेभात मिळाला.

संध्याकाळी मी माझ्या क्वार्टरच्या पडवीत कोपराला तेल चोळत बसलो होतो. दूरवरून ओरडणं ऐकू आलं. भाऊजींच्या क्वार्टरपासून माझं क्वार्टर म्हणजे मधात अख्खी लाइन, नळ आणि चढ. मी मान वर केली. भाऊजी येत होते. लुंगी वर खोचलेली, एक पाय जरा फरफटत, दोन्ही हात हवेत नाचवत, तोंडाचा पट्टा चालू. हातात काठी नव्हती. खांद्याला कोणी नव्हतं.

"शेवटून पयला? माही टीम शेवटून पयली? कोन बोललं तुले मुडद्यासारखं पडाले? आं? शिकवलं का नाई म्या तुले?" ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले, घामाघूम, धापा टाकत. "आन कानाखाली मारतो म्हने! लोडराईसमोर! मार ना मंग! मार आता!"

त्यांच्यामागं बाई धावत आली, हातात त्यांची काठी. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, थांब. ती फाटकाशीच थांबली आणि तिनं काठी पाठीमागं लपवली.

आमच्याकडे बहिणीचा नवरा दारात आला की तोंडातून शब्द निघायच्या आत खुर्ची पुढं जाते, पाण्याचा गडवा येतो. खुर्ची माझ्या हाताशीच होती. मी तिला हात लावला नाही.

"बरोबर हाये भाऊजी," मी म्हटलं. "आनखी काय काय चुकलं आमचं?"

ते सांगायला लागले, उभ्यानंच.